स्पेनच्या रिकाम्या रस्त्यांवर सायकल चालवायची आहे? मग तेरुएलपासून सुरू करा

स्पेनमध्ये सायकल म्हटलं की सगळे मायोर्का नाहीतर जिरोनाचं नाव घेतात. दोन्ही जागा मस्तच आहेत, डांबर चकाचक, कॉफी चांगली, भाड्याने सायकल हवी तशी मिळते. पण मार्च-एप्रिलमध्ये तिकडे गेलात तर चढावर पुढे पन्नास सायकली, मागे पन्नास सायकली, त्यात टूरिस्ट बसेस. ज्यांना जोरदार ट्रेनिंग करायचंय त्यांनी खुशाल जावं. हा लेख ज्यांना अर्धा तास पेडल मारूनही एक गाडी दिसू नये असं वाटतं त्यांच्यासाठी आहे. मी व्हॅलेन्सियात राहतो, भारतातून येणारे मित्र आणि जर्मनी-नेदरलँड्समधली आपली आयटीवाली मंडळी दर वसंतात तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

कोणासाठी? जो सपाटीला ५०-६० किलोमीटर आरामात करतो आणि थोडाफार चढ चढू शकतो असा कोणीही. रेसिंगचं अंग असायची गरज नाही. फक्त एक डोक्यात पक्कं ठेवा, रस्ता रिकामा म्हणजे दुकानही रिकामं, नेटवर्कही गायब आणि मदतीला येणारा माणूसही लांब. शांतता हवी तर तयारी जास्त लागते, तो सौदा आहे.

पहिली स्टेप: भाग निवडा

स्पेनचा मधला मोठा पट्टा लोकांनी सोडून दिलेला आहे, त्याला तिथे 'एस्पान्या वासियादा' म्हणजे रिकामा केलेला स्पेन म्हणतात. १९५०-६० पासून माणसं माद्रिद, बार्सिलोना, व्हॅलेन्सियाला निघून गेली आणि गावं मागे राहिली. तेरुएल प्रांत घ्या, क्षेत्रफळ जवळपास १४,८०० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सव्वा-दीड लाखाच्या आसपास, म्हणजे चौरस किलोमीटरला साधारण ९ माणसं. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत हा आकडा ३६५ होता. आता रस्त्यावर किती गाड्या असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

तिथल्या लोकांना अर्थातच हे रिकामेपण आवडत नाही. 'तेरुएल एक्सिस्ते' म्हणजे 'तेरुएल अस्तित्वात आहे' अशी चळवळ १९९९ मध्ये सुरू झाली, रस्ते द्या, रेल्वे द्या, डॉक्टर द्या म्हणून, आणि २०१९ मध्ये तर त्यांनी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात एक जागा पण जिंकली. आपण जे एन्जॉय करायला जातो ते त्यांचं दुखणं आहे, एवढं भान असलेलं बरं, आणि त्याचा साधा उपयोग म्हणजे गावातल्या बारमध्ये, दुकानात पैसे खर्च करा, सुपरमार्केटमधून तीन दिवसांचं सामान लादून नेऊ नका.

सुरुवातीला तेरुएल का म्हणतो? कारण व्हॅलेन्सियाहून ट्रेन आहे, आल्बारासीनचे डोंगर जवळ आहेत, डांबर बऱ्यापैकी चांगलं आहे आणि चढ लांब असले तरी जीवघेणे नाहीत. पिरेनीजसारखे दहा-बारा टक्क्यांचे घाट सलग येत नाहीत.

दुसरी स्टेप: रस्त्याचा नंबर आणि रंग वाचायला शिका

हा भाग नीट वाचा, कारण शांत रस्ता नशिबाने मिळत नाही, तो नकाशावर आधीच दिसतो. स्पेनमध्ये रस्त्याच्या नंबरच्या पाटीला रंग असतो. निळी पाटी म्हणजे मोटरवे, तिकडे फिरकायचं नाही. लाल पाटी आणि एन अक्षर म्हणजे नॅशनल रोड. नारिंगी, हिरवी, पिवळी म्हणजे प्रादेशिक रस्ते, नारिंगी मुख्य, हिरवा दुय्यम, पिवळा सगळ्यात छोटा. आपल्याला हवेत हिरवे आणि पिवळे. तेरुएलमध्ये टीई-व्ही अशा अक्षरांनी सुरू होणारे नंबर दिसले की डोळे मिटून तो रस्ता निवडा, एकेका गावाला जोडणारे अगदी लहान रस्ते आहेत ते.

आता गंमत अशी की आरागोनमध्ये (तेरुएल आरागोनमध्ये येतं) प्रादेशिक रस्त्यांची सुरुवात पण ए अक्षराने होते आणि मोटरवेची पण ए नेच. म्हणजे ए-२३ हा मोटरवे आणि ए-१५१२ हा झाडीतून, नदीकाठाने जाणारा गोड रस्ता. नवीन माणूस फोनवर 'ए' बघून घाबरतो नाहीतर उलटं, बिनधास्त घुसतो. अक्षर बघू नका, रंग बघा. निळं असेल तर नाही.

दुसरी ट्रिक माझी सगळ्यात आवडती आहे. जिथे नवीन मोटरवे झालाय त्याच्या शेजारून जाणारा जुना नॅशनल रोड शोधा. आपल्याकडे एक्सप्रेसवे झाला तरी जुना मुंबई-पुणे रस्ता भरलेलाच राहिला, इथे तसं होत नाही, माणसंच कमी आहेत त्यामुळे सगळे ट्रक नव्या रस्त्यावर जातात आणि जुना रस्ता, रुंद, कडेला चांगला शोल्डर असलेला, सौम्य चढाचा, असा नुसता पडून राहतो. तेरुएलमध्ये ए-२३ च्या बाजूचा एन-२३४ तसा आहे. पश्चिमेला सेव्हिलहून उत्तरेकडे जाणाऱ्या ए-६६ च्या बाजूचा एन-६३० तर सायकलवाल्यांमध्ये त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण लक्षात ठेवा, समांतर मोटरवे नसेल तर एन म्हणजे ट्रकच ट्रक. तेरुएलहून निघालेला तोच एन-२३४ पुढे ए-२३ ला सोडून दारोका, कालातायुदकडे वळतो, तिथून त्याचा स्वभाव बदलतो.

तिसरं, थोडा अभ्यासू मार्ग. स्पेनची केंद्रीय आणि प्रादेशिक सरकारं रस्त्यांवरच्या वाहनांची मोजणी करून नकाशे काढतात, त्यात 'आयएमडी' असा आकडा असतो, म्हणजे दिवसाला सरासरी किती वाहनं. माझा स्वतःचा नियम: ५०० च्या खाली असेल तर रस्ता शांत, १,००० पर्यंत चालेल, ३,००० च्या वर असेल तर दुसरा शोधा. हा काही शास्त्रीय आकडा नाहीये, चालवून चालवून बसलेला अंदाज आहे. हीटमॅपवर अवलंबून राहू नका, तिथे सायकलवाले कुठे जातात ते दिसतं, रस्ता शांत आहे का ते नाही, आणि रिकाम्या भागात तर हीटमॅपच रिकामा असतो.

रूट आखणारी ॲप्स छान आहेत, पण 'रोड सायकल' निवडूनही कधीकधी कच्च्या रस्त्यावर नेऊन सोडतात. शंका आली तर त्या जागी स्ट्रीट व्ह्यू उघडून डांबर डोळ्याने बघा. आणि नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, डोंगरात गावं सोडली की नेटवर्क जातंच.

तिसरी स्टेप: केव्हा जायचं

मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. बाकी वाद घालू नका. तेरुएल शहरच ९१५ मीटरवर आहे आणि आल्बारासीनच्या डोंगरातली गावं १,४०० ते १,६०० मीटरवर. मे महिन्यात दुपारी टीशर्टवर फिरताय आणि सकाळी आठला हात गारठलेत असं होतं, त्यामुळे पातळ विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे ग्लोव्हज न्याच. तेरुएलच्या उत्तरेला खिलोका नदीच्या खोऱ्यातल्या कालामोचा गावाचं उणे ३० डिग्रीचं रेकॉर्ड आहे, डिसेंबर १९६३ चं, म्हणजे हिवाळ्यात इकडे काय असतं ते कळलं असेल.

जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरात दिवस सुंदर असतात पण दुपारनंतर वीज-गडगडाटासह वादळं येतात, आणि ऑगस्टमध्ये शहरात गेलेले सगळे आपापल्या गावी सुट्टीला येतात, गावोगावी फिएस्ता, रूम मिळत नाहीत. तेरुएल शहरात जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास 'वाकिया' नावाचा मोठा उत्सव असतो, त्या विकेंडला तर नावच काढू नका. इस्टरचा आठवडा, १२ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबरच्या जोडसुट्ट्या पण टाळा, आल्बारासीन फुल असतं.

वार पण महत्त्वाचा. रविवारी वळणांच्या रस्त्यावर मोटरसायकलवाले येतात, आवाजासकट. मंगळवार-बुधवार बेस्ट. आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात गेलात तर संध्याकाळी जंगलातून हरणांचे नर डरकाळ्या फोडल्यासारखे ओरडताना ऐकू येतात, तो त्यांचा माजाचा काळ. पहिल्यांदा ऐकलं की दचकायला होतं.

वारा विसरू नका. एब्रो खोऱ्यातला 'सिएर्सो' हा वायव्येकडून येणारा वारा खिलोकाच्या बाजूलाही जाणवतो आणि त्या सपाटीवर आडोसा शून्य. शक्य असेल तर झारागोझाच्या दिशेने नाही, समुद्राच्या दिशेने रूट आखा, म्हणजे वारा पाठीवर घ्या.

चौथी स्टेप: सायकल आणि पोचणं

भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स. इन्शुरन्स घेताना सायकलिंग कव्हर आहे का ते छापील वाचा, एजंट 'हो हो' म्हणतो त्यावर जाऊ नका.

छोट्या गावांत भाड्याची रोड बाइक मिळेल असं धरू नका, व्हॅलेन्सिया किंवा झारागोझात घ्या आणि ट्रेनने तेरुएलला या. तेरुएलला हायस्पीड ट्रेन नाहीच, साधी रीजनल ट्रेन आहे आणि आपल्याला तीच सोयीची, कारण त्यात सायकल न उघडता नेता येते. जागा मात्र मोजक्याच असतात, तिकिटाबरोबर सायकलची जागा पण बुक करा. हायस्पीड ट्रेनला सायकल बॅगमध्ये पॅक केलेली लागते. आणि निघायच्या आदल्या दिवशी एकदा बघून घ्या की लाइनवर काम चालू नाहीये ना, काम असेल तर मधल्या टप्प्याला बस लावतात आणि बसचा ड्रायव्हर सायकल घेईलच असं नाही.

टायर २८ मिलिमीटर किंवा जाड. २५ वर पण होतं, पण हाडं खिळखिळी होतात. गिअर हलके हवेत, मागे ३२ किंवा ३४ दातांचा स्प्रॉकेट असला की चढावर गप्पा मारत जाता येतं. दोन ट्यूब, पॅचेस, पंप, चेनचा क्विक लिंक आणि आपल्या फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो तो तुकडा) एवढं जवळ ठेवाच, कारण तेरुएल सोडलं की सायकलचं दुकान भेटत नाही. आणि हो, आपले सराटे! तीच वनस्पती, तेच काटे, रस्त्याच्या कडेला उन्हाळ्याच्या शेवटी पसरलेले असतात. सायकल टेकवताना गवतात घालू नका, डांबरावरच ठेवा.

पाचवी स्टेप: पहिला तास फक्त सरावाचा

भारतातून येणाऱ्यांसाठी दोन धोके आहेत आणि दोन्ही मोठ्या घाटात नाहीत, पहिल्याच किलोमीटरमध्ये आहेत.

एक, ब्रेक. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हातात पुढचा ब्रेक असतो, इथे पुढचा ब्रेक डाव्या हातात. घाबरून डावा लिव्हर दाबला की पुढचं चाक लॉक. दुकानातच विचारा, केबलचे ब्रेक असतील तर उलटे करून देतात, हायड्रॉलिक असतील तर कटकट असते, मग पार्किंगमध्ये दहा मिनिटं नुसतं थांबा-निघा करा.

दोन, उजवी बाजू. ट्रॅफिक असला की आपोआप बरोबर चालवलं जातं. चुकतं कधी तर रिकाम्या रस्त्यावर फोटो काढायला थांबून पुन्हा निघताना, किंवा गावातल्या फाउंटनवरून पाणी भरून वळताना. समोर कोणी नाही म्हणून आपण सवयीने डावीकडे जातो आणि पुढच्या वळणावर ट्रॅक्टर. मी हँडलवर उजव्या बाजूला लाल टेपचा तुकडा लावायला सांगतो, हसू नका, उपयोग होतो. राउंडअबाउटला आधी डावीकडे बघायचं, डावीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला.

कायद्याचं थोडक्यात. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं. कानात हेडफोन चालत नाही. दोघं शेजारी-शेजारी चालवू शकता, पण वळणावर किंवा गाडी मागे अडकली की एकामागे एक व्हा. गाडीने ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर ठेवायचं असतं, आणि त्यासाठी सुरक्षित असेल तर अखंड पट्टी ओलांडायची त्यांना परवानगी आहे, त्यामुळे गाडी पार पलीकडच्या लेनमध्ये गेली तर दचकू नका. अशा रस्त्यांवर गाड्यांना ९० ची मर्यादा असते, म्हणून मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. दारूची मर्यादा सायकलवाल्यांनाही लागू आहे, दुपारच्या जेवणाबरोबर वाइन स्वस्त आणि आपोआप समोर येते म्हणून सांगतोय.

सहावी स्टेप: रूट

पहिला दिवस तेरुएल ते आल्बारासीन. चाळीसच्या आतबाहेर किलोमीटर, बहुतेक सगळा ए-१५१२ वर, आणि चढ एवढा हळू की कळत नाही. ग्वादालाविआर नदी सोबतीला असते, पुढे हीच नदी तुरिया नावाने व्हॅलेन्सियाला जाते. सुरुवातीचे काही किलोमीटर शहराजवळचे, थोडी वर्दळ असते, ती लवकर उरकून टाका. मधे खेआ गाव लागतं, तिथे थांबा. इथून रोमन लोकांनी खडक फोडून जवळपास २५ किलोमीटरचा पाण्याचा कालवा नेला होता, आल्बारासीनपासून सेयापर्यंत, आणि गावाजवळ त्याचे बोगद्याचे तुकडे बघता येतात. टॉर्च असेल तर आत डोकावा, छिन्नीच्या खुणा अजून आहेत. खेआनंतर दरी अरुंद होते, लालसर कडे जवळ येतात, आणि शेवटी आल्बारासीन एकदम वर दिसतं, गुलाबी मातीच्या भिंती, मागे डोंगरावर चढत गेलेला तट. गावातल्या गल्ल्या गोट्यांच्या दगडांच्या आहेत आणि इतक्या उभ्या की सायकलचे क्लीटवाले (तळाला पेडलची खाच असलेले) बूट घालून चालणं म्हणजे पडायचं निमंत्रण. चप्पल न्या.

पहिल्याच दिवशी मुद्दाम कमी अंतर ठेवलंय. दुपारी पोचा, जेवा, झोपा.

दुसरा दिवस आल्बारासीन मुक्कामी ठेवून, सामान रूमवर टाकून, रोयुएला, कालोमार्दे, फ्रीआस आणि पुढे ताखो नदीचा उगम, आणि त्याच वाटेने परत. माझ्या मते पूर्ण ट्रिपमधला सगळ्यात सुंदर दिवस. कालोमार्देजवळ धबधबा आहे, दोन मिनिटं चालून दिसतो. कालोमार्दे ते फ्रीआस दरम्यान दरी इतकी चिंचोळी की रस्ता, ओढा आणि कडा एवढंच, वर गिधाडं घिरट्या घालत असतात. फ्रीआसमध्ये पाणी आणि खाणं घेऊन पुढे निघा, कारण नंतर काही नाही, फक्त पाइन.

ताखो म्हणजे आयबेरियन द्वीपकल्पातली सगळ्यात लांब नदी, हजार किलोमीटर वाहत लिस्बनला समुद्राला मिळते. उगम १,६०० मीटरच्या जरा खाली आहे आणि तिथे १९७४ मध्ये उभारलेले मोठे लोखंडी पुतळे आहेत, नदीबाबा, तेरुएलचा बैल वगैरे. पाणी? उन्हाळ्यात गेलात तर नाराज व्हाल, ओलसर गवत आणि एक बारीक धार. पण त्या पठारावर जी शांतता आहे ना, तिच्यासाठी जायचं. चेनचा आवाज येतोय म्हणजे चेनला तेल हवंय हे कळतं इतकी शांतता.

तिसरा दिवस पुन्हा ए-१५१२ ने वर, तोर्रेस, त्रामाकास्तिया, नोगेरा आणि ओरिउएला देल त्रेमेदाल. हा खरा चढाचा दिवस, नोगेरापासून पुढे जंगलातून सलग वर जायचं. पायात दम असेल तर त्रामाकास्तियाहून फाटा घेऊन ग्वादालाविआर नावाच्या गावाला वाकडी वाट करा. या गावातले मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या हिवाळ्यात कळप घेऊन दक्षिणेला चालत जायचे आणि उन्हाळ्यात परत, गावात त्याचं छोटं म्युझियम पण आहे. धनगरवाड्यांमध्ये ज्यांचा वावर आहे त्यांना घोंगड्या, घंटा, कुत्र्यांचे पट्टे बघताना खूप काही ओळखीचं वाटेल. म्युझियम उघडं असेलच याची खात्री नाही, आधी फोन करा.

ओरिउएलात मुक्काम. ऑक्टोबरमध्ये इथे आणि शेजारच्या ब्रोंचालेसला लोक टोपल्या घेऊन जंगलात मशरूम शोधायला येतात, तेव्हा रस्त्याकडेला कुठेही गाड्या उभ्या असतात, दार उघडेल या हिशोबाने लांबून जा.

चौथा दिवस बक्षीस. ओरिउएलाहून पोसोन्दोनमार्गे सांता एउलालियाला उतार, उघडं माळरान, दगडी कुंपणं, मेंढ्या. सांता एउलालियाला रेल्वे स्टेशन आहे, कंटाळा आला तर इथेच ट्रेन. नाहीतर खिलोका खोऱ्यातून सपाटीने सेया, तिथे गावाच्या मधोमध मोठी लंबगोल दगडी कठड्याची आर्टेशियन विहीर आहे, युरोपातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक मानतात, पाणी आपल्या दाबाने वर येतं. कठड्यावर बसून सँडविच खाण्यासारखी जागा. पुढे तेरुएलकडे जाताना काउदेजवळ माळावर अचानक भलीमोठी प्रवासी विमानं ओळीने उभी दिसतात. भास नाही तो, तेरुएलचा विमानतळ विमानं पार्क करायला आणि मोडीत काढायला वापरतात, कोरडी हवा आहे म्हणून. गव्हाच्या शेतापलीकडे जंबो जेटची शेपटी, फोटो काढाच, आणि निघताना उजवी बाजू!

डांबर नको, गाड्याच नको असं असेल तर 'वीआ वेर्दे' करा, म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची सायकलवाट. इथली ओखोस नेग्रोस स्पेनमधली सगळ्यात लांब, सुमारे १६० किलोमीटर. लोखंडाच्या खाणीतून सागुन्तोच्या समुद्रापर्यंत खनिज नेणारी ही रेल्वे १९७२ मध्ये बंद पडली. तेरुएलहून एस्कान्दोन खिंडीपर्यंत, १,२४२ मीटर, हळूहळू चढ आणि मग सार्रिओन, बार्राकास, खेरिका, सेगोर्बे करत जवळपास सगळा उतार. सार्रिओन हे काळ्या ट्रफलचं, म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या महागड्या बुरशीचं गाव. रुळांची वाट असल्यामुळे चढ-उतार कुठेच तीव्र नाही, नवशिक्यांना आणि मुलांना घेऊन येणाऱ्यांना हेच करा म्हणेन. फक्त तेरुएलच्या बाजूला बारीक खडी आहे, ३५ मिलिमीटरचे टायर लावा, आणि बोगद्यांसाठी पुढचा दिवा.

सातवी स्टेप: पोटाचं बघा

इथे नवीन लोक हमखास फसतात. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. दुकानं दोन ते पाच बंद, रविवारी तर दिवसभर. दुपारी साडेबाराला भुकेने व्याकूळ होऊन गावात पोचलात तर किचन सुरू व्हायचंय, साडेचारला पोचलात तर बंद झालंय. त्यामुळे इथल्या लोकांसारखं करा, सकाळी दहा-अकराला 'आल्मुएर्सो', म्हणजे बारमध्ये बसून भरपेट सँडविच आणि कॉफी. त्या वेळी गावातले सगळे म्हातारे तिथेच पत्ते खेळत असतात. आत शिरताना मोठ्याने 'बुएनोस दिआस' म्हणा, न बोलता कोपऱ्यात जाऊन बसणं उद्धटपणाचं वाटतं त्यांना. एकदा नमस्कार झाला की कुठून आलात, इंडिया का, इतक्या लांब सायकलवर का, सगळी चौकशी होते आणि पुढचा रस्ता कुठे खोदलाय तेही कळतं.

अगदी लहान गावात 'मुल्तीसेर्विसिओ रुराल' अशी पाटी शोधा. एकाच छपराखाली बार, किराणा, कधी राहायच्या खोल्याही. गाव मरू नये म्हणून तेरुएलमध्ये हा प्रकार सुरू केलाय.

शाकाहारी मंडळींनो, तेरुएल हे हामोनचं, म्हणजे सुकवलेल्या डुकराच्या मांसाचं माहेर आहे. 'व्हेज' सांगितलं तरी मसूरच्या आमटीत चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज), भाजीत हामोनचे तुकडे, सॅलडवर टूना. पाठ करा: 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून', मांस नको, हामोन नको, टूना नको. बिनधास्त मागता येईल असं: तोर्तिया दे पातातास (अंडं-बटाट्याचं जाड ऑम्लेट), पान कोन तोमाते (टोमॅटो चोळलेला ब्रेड), चीज सँडविच, भाजलेल्या मिरच्या. अंडंही नको असेल तर ब्रेड, टोमॅटो, चीज, ऑलिव्ह आणि सुकामेवा यावर दिवस काढायचा. बॅगेत चिक्की किंवा दाण्याचे लाडू असले की संध्याकाळ बरी जाते.

पाणी सोपं आहे, जवळपास प्रत्येक गावात फाउंटन असतो. पाटीवर 'पोताब्ले' म्हणजे पिण्याचं, 'नो पोताब्ले' म्हणजे नाही, 'नो त्रातादा' म्हणजे प्रक्रिया न केलेलं, गावकरी पितात पण आपण पोट बघून ठरवावं. दोन बाटल्या कायम भरलेल्या. बारमध्ये 'मे येना एल बिदोन, पोर फावोर' म्हटलं की बाटली भरून देतात, पण किमान एक कॉफी घ्या. थोडी रोख ठेवा, लहान बारमध्ये कार्ड मशीन कधी चालतं कधी नाही.

आठवी स्टेप: कुत्रे, शिकारी आणि वीज

कळप राखणारे मास्तीन कुत्रे प्रचंड असतात, पन्नास-साठ किलोचे. त्यांचं काम मेंढ्यांना वाचवणं, तुमचा पाठलाग करणं नाही, पण वेगाने येणारी सायकल त्यांना आवडत नाही. लांबून कळप दिसला की हळू व्हा. कुत्रा भुंकत आला तर उतरा, सायकल मधे धरा, शांत आवाजात बोलत बोलत चालत पुढे निघा, मराठीत बोललात तरी चालतं. मेंढपाळ जवळच असतो, हाक मारा. दगड उचलू नका आणि कळपाच्या मधून तर अजिबात जाऊ नका.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी विकेंडला रानडुकरांची सामूहिक शिकार असते. रस्त्यात 'बातीदा' किंवा 'कासा' लिहिलेली तात्पुरती पाटी दिसली तर डांबर सोडून कच्च्या वाटेत शिरू नका, भडक रंगाचे कपडे घाला.

गुरं जाऊ नयेत म्हणून रस्त्यात लोखंडी नळ्यांची जाळी टाकलेली असते, ती सरळ ओलांडा, पावसात तिरकं गेलात की आडवे. 'ग्राविया' पाटी म्हणजे पुढे सुटी खडी, उतारावर वेग आधीच कमी करा.

हवामानासाठी सरकारी खात्याचं, 'आएमेत'चं ॲप बघा, वादळाचा पिवळा-नारिंगी इशारा असेल तर दुपारी एकच्या आत खाली या. काही झालंच तर ११२. फोन लागल्यावर रस्त्याचा नंबर आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा, 'डोंगरात आहे' सांगून कोणाला काही कळणार नाही. नेटवर्क नसेल तर मागच्या गावात परत जाणंच जास्त शहाणपणाचं, पुढचं गाव रिकामं असू शकतं.

हे जमलं की पुढे कुठे?

एक्स्ट्रेमादुरा, पण फक्त मार्च ते मे सुरुवात. मोन्फ्राग्वे नॅशनल पार्क, त्रुखियो, ओकच्या झाडांखाली काळी डुकरं, वर गिधाडं. जूननंतर चाळीशी पार जाते, मग नाही. सोरिया प्रांत तेरुएलसारखाच रिकामा, तिकडचे पाइनचे रस्ते आणि दुएरो नदीचा वरचा भाग सुंदर. दक्षिणेत आंदालुसियात पुएर्तो सेरानो ते ओल्वेरा ही ३६ किलोमीटरची वीआ वेर्दे आहे, तीस बोगद्यांची, मधे गिधाडांचा मोठा कडा, एका दिवसात जाऊन-येऊन होते. तिथेही प्रादेशिक रस्ते ए नेच सुरू होतात, त्यामुळे पाटीचा रंग बघायची सवय ठेवा.